किलोमीटर १०४ : एका दिवसाची इंका वाट (आखणी, कागद, गुडघे आणि शेवटची बस)

कातळवाट

पेरूतल्या माचू पिचूला (इंकांच्या डोंगरावरच्या प्राचीन शहराला) जायचं म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर दोनच वाटा येतात. पायथ्याच्या आग्वास कालियेन्तेस गावापर्यंत रेल्वे आणि तिथून बसने थेट दाराशी, नाहीतर चार दिवसांची मोठी इंका ट्रेल. मधली तिसरी वाट फारशी कुणी विचारत नाही. रेल्वेच्या १०४व्या किलोमीटरला उतरायचं, उरुबांबा नदीवरचा पूल ओलांडायचा आणि विन्याय वायनाचे इंका अवशेष, इंती पुंकू करत त्याच दिवशी माचू पिचूत पोचायचं. तंबू नाही, हमाल नाही, रात्री हॉटेलात अंथरूण. अंतर साधारण १२ किलोमीटर, चाल सहा-सात तासांची.

आधी उंचीचा हिशोब करू, कारण घाबरायला होतं ते त्यामुळेच. कुस्को सुमारे ३४०० मीटर. ओयान्तायताम्बो, जिथून गाडी पकडायची, सुमारे २८००. वाटेची सुरुवात, म्हणजे चाचाबाम्बाचे अवशेष, २१५०च्या आसपास. विन्याय वायना २६५०. इंती पुंकू, म्हणजे सूर्यद्वार, २७०० च्या थोडं वर आणि माचू पिचू २४३०. म्हणजे अख्ख्या दिवसातला सर्वांत उंच ठिपकासुद्धा कुस्कोतल्या हॉटेलच्या खाली आहे. सलग चढ पहिल्या टप्प्यातच, सुमारे ५०० मीटर. पुढचे चढउतार धरून ६००-७०० मीटर होतात. कळसूबाईला बारी गावातून चढणाऱ्याला याहून जास्त चढावं लागतं.

मग अडतं कुठे? घड्याळात आणि कागदांत. पाय दमले म्हणून परत फिरणारे थोडे. परवान्यावरचं नाव जुळलं नाही म्हणून पुलाशीच अडकणारे, किंवा रमतगमत चालल्याने माचू पिचूत पाच वाजता पोचणारे जास्त.

दिवस असा बसवावा. ओयान्तायताम्बोहून पहाटेची गाडी, सहाच्या आसपासची. मुक्काम याच गावात करायचा. कुस्कोत झोपलात तर रात्री तीनला उठून दोन तास मोटारीत काढावे लागतात आणि त्याचा वचपा दुपारी निघतो. साडेसात-आठला किलोमीटर १०४. इथे फलाट असा नाही. गाडी दोन मिनिटं थांबते, सगळ्या गाड्या थांबतही नाहीत. बॅग मांडीवर, बूट बांधलेले, बाटली भरलेली अशा तयारीने बसायचं. पूल, तपासणी नाका, चाचाबाम्बा पंधरा-वीस मिनिटं. मग चढ. बाराच्या आत विन्याय वायना, तिथे जेवण आणि अवशेष मिळून तासभर. तीनच्या आत इंती पुंकू. चारपर्यंत माचू पिचू. खाली जाणारी शेवटची बस साडेपाचला, पण पाचच्या आत रांगेत असावं.

पहिल्या टप्प्याबद्दल एक सूचना. चाचाबाम्बा ते विन्याय वायना हा डोंगराचा उघडा पदर आहे. सावली जवळपास नाहीच, मध्ये एखाद-दोन गवती छपरं लागतात. नऊनंतर ऊन अंगावर येतं आणि या उंचीवर ते आपल्या एप्रिलच्या उन्हापेक्षा लबाड असतं, कारण हवा गार असल्याने भाजतंय हे कळत नाही. अडीच लिटर पाणी इथूनच पाठीवर हवं, वाटेत दुकान नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, मानेवर येणारी टोपी. हातरुमालावर भागत नाही.

---

सदाफुली

वाचनखूण साठवली! दोन प्रश्न. परवाना सरकारी संकेतस्थळावरून स्वतः काढता येतो का? आणि वाटाड्या घ्यावाच लागतो का? सह्याद्रीत भटकणाऱ्याला १२ किलोमीटरसाठी गाइड म्हणजे जरा अतीच वाटतं.

---

पायरीवाला

सदाफुली, वाट सापडण्याचा प्रश्नच नाही. एकच वाट आहे, चुकायला जागा नाही. पण २००१ पासून इंका वाटेवर एकट्याने जायला बंदी आहे. परवानाधारक एजन्सी आणि तिचा नोंदणीकृत वाटाड्या नसेल तर पुलावरचा नाका ओलांडू देत नाहीत. परवानाही एजन्सीच काढते, तुम्ही स्वतः नाही.

रोजची संख्या ठरलेली आहे. चार दिवसांच्या वाटेसाठी ५०० (त्यात हमाल, आचारी, वाटाडे सगळे धरून) आणि या छोट्या वाटेचा कोटा वेगळा. म्हणून मोठ्या ट्रेलचे परवाने संपले तरी याचे कधीकधी शिल्लक असतात. तरी मे ते सप्टेंबरसाठी तीन-चार महिने आधी हालचाल करा. एकदा काढलेला परवाना दुसऱ्याच्या नावावर होत नाही, तारीख बदलत नाही, पैसे परत मिळत नाहीत. म्हणून क्रम असा: परवाना पक्का, मग विमान. उलटं करणारे पुढे हळहळतात.

एजन्सीला पैसे पाठवण्याआधी पुढच्या गोष्टी लेखी विचारा. येताजाताची दोन्ही रेल्वेतिकिटं धरली आहेत का, आणि परतीची कुठल्या वेळेची? संध्याकाळी खाली यायची बस धरली आहे का? आग्वास कालियेन्तेसचा मुक्काम? दुसऱ्या दिवशीचं माचू पिचूचं तिकीट, आणि त्यावर कुठला सर्किट, म्हणजे आत फिरायचा ठरीव मार्ग? वाटाडा दुसऱ्या दिवशीही सोबत असतो का? दोन एजन्सींच्या भावात मोठा फरक दिसला तर तो बहुतेक यातल्याच एखाद्या ओळीत दडलेला असतो.

---

शिक्कामोर्तब

नावाचा मुद्दा कातळवाट यांनी एका ओळीत उरकला, तो आपल्या लोकांसाठी फोडून सांगायला हवा.

आपल्या पासपोर्टात 'गिव्हन नेम'च्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. पेरूत प्रत्येकाला दोन आडनावं असतात, आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. त्यामुळे तुम्ही ईमेलमध्ये तीन शब्दांचं नाव टंकून पाठवलंत की तिथला कारकून पहिला शब्द नाव आणि उरलेले दोन आडनावं समजतो. परवान्यावर तुमच्या वडिलांचं नाव तुमचं आडनाव होऊन बसतं. उपाय सोपा: नाव टंकू नका, पासपोर्टच्या पहिल्या पानाचा स्वच्छ फोटो पाठवा आणि परवाना आला की एकेक अक्षर आणि पासपोर्ट क्रमांक ताडून बघा. मधल्या काळात पासपोर्ट नवा केलात तर जुना, कोपरा कापलेला पासपोर्टही सोबत ठेवा आणि एजन्सीला आधी कळवा. नाक्यावर मूळ पासपोर्ट लागतो, मोबाइलमधला फोटो चालत नाही.

व्हिसा: भारतीय पासपोर्टला पेरूचा व्हिसा लागतो. पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेन देशांचा किमान सहा महिने वैध असलेला व्हिसा किंवा तिथला कायम निवास असेल तर २०१७ पासून सूट आहे. तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या पानावर सध्याचा नियम वाचा. आणि अमेरिकेतून विमान बदलणार असाल तर नुसत्या बदलासाठीही तिथला व्हिसा लागतो, हे तिकीट घेतल्यावर आठवून उपयोग नाही.

आता ज्याच्यावर सगळे घसरतात ते: पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. कुस्को-माचू पिचू भागासाठी वैद्यकीयदृष्ट्या ती सहसा सांगत नाहीत. पण पेरू भारताच्या पीतज्वर यादीत आहे. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि पिवळं प्रमाणपत्र नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, ठरलेल्या दिवशीच मिळते, आणि प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतं. साठीच्या पुढच्यांनी, गरोदर बायकांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. न्यू जर्सीहून जाऊन परत न्यू जर्सीलाच येणाऱ्यांना ही भानगड नाही.

---

काढा_घ्या

धागा उत्तम, पण कातळवाट, "उंचीला घाबरायचं कारण नाही" असा अर्थ निघतोय त्याला थोडी वेसण घालते. वाट खाली आहे हे खरं. पण तुम्ही उतरता विमानाने, लिमाहून म्हणजे समुद्रसपाटीवरून, सव्वा तासात ३४०० मीटरवर. डोकं दुखायला लागतं ते त्या रात्री, आणि ट्रेकच्या दिवशी तुम्ही दोन रात्री न झोपलेले असता.

सर्वांत स्वस्त औषध म्हणजे विमानतळावरून कुस्को शहरात न थांबता थेट उरुबांबा खोऱ्यात उतरणं. ओयान्तायताम्बो किंवा उरुबांबा गावात दोन रात्री, मग ट्रेक, आणि कुस्को शेवटी बघायचं. तेव्हा शरीर सरावलेलं असतं आणि तिथल्या सक्सायवामानच्या अवशेषांच्या चढावर धाप लागत नाही. बहुतेक आखीव सहली नेमकं उलटं करतात.

अ‍ॅसिटाझोलामाइड (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायचंच असेल तर प्रतिबंधासाठी नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंचीवर जायच्या आदल्या दिवसापासून. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी, मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोडा बेचव लागतो, हे अपेक्षित आहे. लघवी वाढते म्हणून पाणी कमी प्यायचं नाही, आणि पहाटेच्या गाडीआधी गोळी घेतलीत तर स्वच्छतागृहाचा नकाशा डोक्यात ठेवा: वाटेच्या सुरुवातीला, विन्याय वायनाच्या तळावर, आणि मग थेट माचू पिचूच्या दाराबाहेर. आत एकही नाही.

साधी डोकेदुखी, मळमळ म्हणजे विश्रांती. पण सरळ रेषेत चालता न येणं, बसल्याबसल्या धाप, बडबड विसंगत होणं, यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, खाली उतरायचं.

कोकाच्या पानांचा चहा प्रत्येक हॉटेलात ठेवलेला असतो. तिथे तो कायदेशीर आहे, सौम्य आहे, प्यायला हरकत नाही. मात्र लघवीच्या अमली पदार्थ चाचणीत तो दिसतो, म्हणून नोकरीत अशी चाचणी होत असेल तर हात लावू नका. पानं किंवा चहाच्या पुड्या आठवण म्हणून बॅगेत टाकू नका, भारतात आणि अमेरिकेतही ते गुन्ह्यात मोडतं.

---

कातळवाट

काढा_घ्या, मान्य. मूळ लेखात "आधी खोऱ्यात झोपा" हे ठळक हवं होतं.

---

मीठभाकर

खाण्याचं कुणीच काढलं नाही म्हणून.

दुपारचं जेवण एजन्सी डब्यात देते. 'वेजेतारियानो' एवढंच सांगितलं तर सँडविचमध्ये हॅम नसेल, पण कोंबडी असू शकते. बरेच जण ती मांसात मोजत नाहीत. लिहून द्या: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन. अंडं नको असेल तर सिन ऊएवो. आदल्या संध्याकाळी वाटाड्या भेटायला येतो तेव्हा डबा पुन्हा एकदा तोंडी पक्का करा, कारण पहाटे पाचला बदलायला कुणी नसतं.

पाठीवर न्यायला कुस्को-उरुबांबाच्या बाजारात उत्तम सोय आहे. 'किविचा' म्हणजे आपल्या राजगिऱ्याचा अँडीजमधला सख्खा भाऊ. त्याच्या लाह्यांच्या मधातल्या वड्या मिळतात, चव थेट राजगिऱ्याच्या चिक्कीची. 'कांचा' म्हणजे भाजलेला खारा मका. शेंगदाणा तर मूळ त्याच खंडातला. माणशी दोन वड्या, मूठभर दाणे, मूठभर कांचा आणि एक केळं एवढं डब्याशिवाय पुरतं. आणि संकष्टी आली तरी बिघडत नाही, बटाटा आणि रताळं दोन्ही तिकडचेच.

घरून फळं, कच्चे दाणे, बिया नेऊ नका. उतरल्यावर शेतीमाल घोषित करावा लागतो, आणि लपवलेला सापडला तर जातोच, वर दंड.

---

डोंगळा

एजन्सी-बिजन्सीची कटकट नको असेल, किंवा परवाने संपलेच असतील, तर हुचुय कोस्को का नाही? तेही एका दिवसाचं, इंका वाटेवरूनच, आणि गर्दी जवळपास शून्य.

---

चढउतार

डोंगळा, मुद्दा चांगला आहे, पण हा 'त्याऐवजी' नाही, हा वेगळाच प्राणी आहे. केएम १०४ मध्ये कागद जड आणि हवा हलकी नाही. हुचुय कोस्कोत बरोबर उलटं.

नेहमीचा एकदिवशी मार्ग असा: कुस्कोहून मोटारीने तासाभरात वरच्या पठारावरच्या एखाद्या गावाशी, पुकामार्का किंवा ताउका. सुरुवातच ३८०० मीटरच्या आसपास होते. तिथून चढून ४१००-४२०० मीटरची खिंड. मग एका अरुंद घळीतून, ओढ्याच्या कडेने, मूळ इंका फरसबंदीवरून उतरत हुचुय कोस्को, सुमारे ३६०० मीटर. नावाचा अर्थ 'छोटं कुस्को', आणि परंपरेने ते विराकोचा इंका या राजाशी जोडतात. तिथल्या लांब दालनाकडे नीट बघा. खालचा भाग घडीव दगडाचा, वर मातीच्या विटा, आणि इतक्या शतकांनंतर माती अजून उभी आहे. पुढे शेवटचा उतार, सुमारे ६५० मीटर, वळणावळणाने थेट नदीकाठच्या लामाय गावात.

बिघडतं तीन ठिकाणी. एक, खिंड. पहिल्या दोन दिवसांत इथे जाऊच नये, तीन रात्री ३०००च्या वर काढलेल्या हव्यात. दोन, वीज. ऑक्टोबर ते मार्च दुपारनंतर पठारावर ढग जमतात, तिथे झाड नाही की खडक नाही, सर्वांत उंच तुम्हीच. बाराच्या आत खिंड मागे पडली पाहिजे. तीन, शेवटचा उतार. खडी भुसभुशीत, ऊन समोरून, आणि गुडघे तोवर बोलायला लागलेले. इथे काठ्या नसतील तर येऊच नका.

प्रवेशाचं शुल्क किरकोळ, पण रोख सोल (पेरूचं चलन) लागतात. मेंढपाळांची कुत्री अंगावर येतात. खाली वाकून दगड उचलल्याचा आविर्भाव केला की थांबतात, ही भाषा तिकडेही तीच आहे. लामायच्या रस्त्यावर कलेक्तिवो, म्हणजे वडाप, मिळते: पिसाकमार्गे कुस्को किंवा कालकामार्गे उरुबांबा. आणि शाकाहाऱ्यांनी लामायमध्ये रस्त्याच्या कडेला काड्यांना लावून भाजत असलेल्या गोष्टींकडे फार वेळ बघू नये. ते गिनीपिग आहेत, गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

माझं मत विचाराल तर परवाना मिळत असेल तर १०४. डोंगर हवा असेल तर हुचुय. दोन्ही करणार असाल तर आधी १०४.

---

सदाफुली

आई-बाबा सोबत आहेत. बाबा ६४, सिंहगड महिन्यातून दोनदा चढतात. आईचे गुडघे मात्र उतारावर कुरकुरतात. १०४ जमेल का?

---

पायरीवाला

बाबांना दमाच्या दृष्टीने जमेल. आईंसाठी प्रश्न पायऱ्यांच्या उंचीचा आहे. इंकांच्या पायऱ्या एकसारख्या नाहीत. एक बोटभर, पुढची गुडघाभर, काही पावलापेक्षा अरुंद. विन्याय वायनाहून पुढे वाट झाडीतून, वरखाली पण सोपी. इंती पुंकूच्या जरासं आधी मात्र पन्नासेक पायऱ्यांचा एक उभा जिना आहे, लोक तो हात टेकून चढतात. तो चढ आहे, म्हणून गुडघ्यांना चालेल. त्रास देतो तो इंती पुंकूहून माचू पिचूपर्यंतचा उतार, पाऊणएक तासाचा, दगडी आणि पावसात निसरडा.

काठ्या दोन घ्या, टोकाला रबरी बूच हवंच. धातूचं उघडं टोक चालत नाही, जुन्या दगडांवर ओरखडे जातात. माचू पिचूत शिरल्यावर काठ्या फक्त वयस्क आणि अपंगांना, त्याही रबरी टोकाच्या.

मधेच सोडून देता येईल का, हा खरा प्रश्न. विन्याय वायनापर्यंत त्रास झाला तर परतीची वाट तीच, नदीपर्यंत, आणि तो उतार पुढच्या वाटेपेक्षा वाईट. म्हणजे निर्णय चढाच्या पहिल्या तासात घ्यायचा. दुसरा पर्याय जास्त शहाणपणाचा: आईंनी रेल्वेने आग्वास कालियेन्तेसला जायचं, दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी बसने एकत्र वर. त्यांचं तिकीट तेवढं वेगळं काढा.

---

टाकं_आणि_तट

बघायचं काय याबद्दल थोडं, कारण लोक छातीवर घड्याळ लावून पळतात आणि चाचाबाम्बा तर दहापैकी आठ जण फोटो काढून सोडतात.

आपल्या गडांवर पाण्याचं शहाणपण म्हणजे टाकं: पावसाचं पाणी कातळात अडवायचं आणि आठ महिने पुरवायचं. इंकांचं शहाणपण बरोबर उलटं, झऱ्याचं पाणी वाहतं ठेवायचं. चाचाबाम्बात मधला मोठा खडक आणि भोवती दगडी पाटांनी जोडलेले स्नानाचे हौद आहेत. विन्याय वायनात वरची आणि खालची वस्ती जोडणाऱ्या लांब जिन्याच्या कडेने एकाखाली एक कारंजी उतरत जातात. माचू पिचूत अशी १६ आहेत. सकाळी एक ठिकाण बघून ठेवलंत तर दुपारी तिसऱ्या ठिकाणी काय शोधायचं ते डोळ्यांना कळतं.

विन्याय वायनाच्या वळणदार पायऱ्यांच्या शेतांकडे वरून बघा. भिंतीमागे तळाला मोठे दगड, वर खडी, मग वाळू, मग माती. एवढ्या पावसात डोंगर खाली आला नाही तो या निचऱ्यामुळे. नाव एका ऑर्किडवरून, अर्थ 'सदा तरुण'. (सदाफुली, तुमच्याच गोत्रातलं.)

फोटोवाल्यांसाठी: इंती पुंकू माचू पिचूच्या आग्नेयेला आहे. दुपारी तिथून खाली बघताना सूर्य साधारण समोर येतो, शहर सावलीत आणि आकाश पांढरं. नेहमीचं पोस्टकार्ड दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. पहिल्या दिवशी इंती पुंकूवर पंधरा मिनिटं पुरे.

---

डोंगळा

दुसऱ्या दिवसाचं तिकीट खरंच लागतं का? पहिल्या दिवशी पोचलोच आहोत ना?

---

कातळवाट

लागतं, असंच धरा. पहिल्या दिवशी तुम्ही चारला वरच्या अंगाने शिरता, तासाभरात बाहेर. मंदिरं, कारंजी, खालची वस्ती राहते. जून २०२४ पासून माचू पिचूत तीन सर्किट आहेत: १ वरच्या सज्जांवरून दृश्य, २ अभिजात, म्हणजे दृश्यही आणि वस्तीही, ३ खालची राजवस्ती. २ सर्वांत आधी संपतं, म्हणून परवान्यासोबतच एजन्सीकडून ते मागा. चालण्याची दिशा एकच, उलटं फिरता येत नाही, बाहेर पडलात की परत आत नाही.

बॅग ४० × ३५ × २० सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर बाहेर ठेवावी लागते. वीस लिटरची बसते. मोठी सुटकेस ओयान्तायताम्बोच्या हॉटेलात सोडा, रेल्वेतही सामानाची मर्यादा कडक आहे. पाठीवर: पासपोर्ट, अडीच लिटर पाणी पक्क्या बाटलीत (एकदा वापरायच्या प्लॅस्टिकला बंदी आहे), खाऊ, पातळ पावसाळी कोट, एक कोरडा टीशर्ट आणि मोजे, टॉर्च, रोख सोल, टॉयलेट पेपर, कचऱ्याची पिशवी, किडे पळवणारं मलम. शेवटचं विसरू नका. तिकडच्या बारीक चावऱ्या माशा चावताना कळत नाहीत आणि खाज आठवडाभर राहते. अर्धी चड्डी घालून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी पायांवरून ओळखू येतो.

ऋतू: मे ते सप्टेंबर कोरडा. आपल्या मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत बरोबर बसतो. २४ जूनचा इंती रायमी उत्सव आणि २८-२९ जुलैची राष्ट्रीय सुट्टी या सुमारास कुस्कोत गर्दी आणि भाव दोन्ही चढतात. अमेरिकेतून नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगला जाणाऱ्यांनी पाऊस सुरू झालेला असेल असं गृहीत धरावं. जानेवारी-फेब्रुवारी टाळा. मोठी इंका ट्रेल फेब्रुवारीत दुरुस्तीसाठी बंदच असते, आणि दरडी-पुराने रेल्वे अडली तर आग्वास कालियेन्तेसपर्यंत थेट मोटाररस्ता नाही. जानेवारी २०१० मध्ये रूळ वाहून गेल्याने हजारो लोक आग्वास कालियेन्तेसला अडकले आणि हेलिकॉप्टरने काढावे लागले होते. जानेवारी २०२३ मध्ये आंदोलनामुळे रेल्वे आणि माचू पिचू दोन्ही बंद झालं. म्हणून ट्रेक आणि परतीचं विमान यांच्यात एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा, कुठल्याही महिन्यात.

---

सदाफुली

ठरलं. बाबा आणि मी चालणार, आई रेल्वेने. शेवटचं: पाच वाजून गेले आणि बस चुकलीच तर?

---

पायरीवाला

आधी, बसचं तिकीट वाटाड्याकडून सकाळीच हातात घ्या, वर पोचल्यावर तिकिटाच्या आणि बसच्या अशा दोन रांगा लावू नका. शेवटच्या तासात सगळं माचू पिचू एकदम खाली निघतं, रांग मोठी असते पण सरकते.

तरी चुकली तर रस्त्याची वळणं कापत जाणारा पायऱ्यांचा जिना आहे, नदीपर्यंत चारशे मीटर उतार, मग पूल ओलांडून सपाट रस्त्याने गाव. दीड तास धरा, दमलेल्या पायांनी. जूनमध्ये तिथे साडेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि दरीत त्याहून आधी अंधारतं. टॉर्च बॅगेच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात ठेवा. बाबांच्याकडे वेगळा.